थांबा, एक जण राहिलंय

सुरुवातीलाच माफी मागतो. एखाद्या माणसावर लेख लिहावा एवढी माझी तयारी नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि आजवर माझ्या हातून जे काही लिहून झालं ते परीक्षेच्या पेपरात, नाहीतर प्रेसमध्ये दुसऱ्यांच्या लग्नपत्रिकांवर. पण ज्यांच्याविषयी सांगायचं आहे त्या बाई स्वतःबद्दल एक ओळही लिहिणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून हे धाडस. चुकलंमाकलं पोटात घाला.

आमच्या प्रेसमध्ये प्रूफं बघणाऱ्या त्या बाईंना सगळे आक्का म्हणत. कानावर कायम पेन्सिल. चहा आला की ती पेन्सिल खाली उतरायची आणि तिचं टोक हवेतल्या हवेत एकेकाच्या कपाळाकडे जायचं. मशीनवाला, कटिंगवाला, मालक, मी, आणि पत्ता विचारायला दारात उभा राहिलेला अनोळखी माणूससुद्धा. मग आक्का म्हणायच्या, "कोण राह्यलं न्हाय न्हवं?"

पत्ता विचारणारा चहा पिऊनच जायचा. चहा मात्र प्रेसमधली माणसं मोजून मागवलेला असायचा, त्यामुळे एक कप कमी पडायचा, आणि तो नेमका आक्कांचा असायचा. मालक त्यांना म्हणायचे, तुम्ही स्वतःला मोजायचं विसरता. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "मी काय, घरचीच हाय."

शहरात लक्ष्मीपुरीतल्या एका बोळात आमचा प्रेस आहे. सकाळी कॉलेज करून दुपारी मी तिथे कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवतो. माझं गाव राधानगरीकडचं. पहिल्या दिवशी मी दारात चप्पल काढून उभा राहिलो तेव्हा आक्कांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "या पावणं, बसा." तेव्हापासून मी त्यांचा पावणं. मुक्काम कितीही लांबला तरी पावणंच.

लग्नपत्रिका ही काय चीज असते हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्याही नात्यात पत्रिकेत नाव राहिलं म्हणून मांडवात न आलेला एखादा मामा असेलच. आक्कांनी सगळा जन्म त्या मामांची काळजी घेण्यात घालवला. प्रूफ तपासायला गिऱ्हाईक आलं की त्या त्याची उलटतपासणी घ्यायच्या. नवरीला चुलते किती, थोरल्या मामाचं आलं, धाकट्याचं कुठं आहे, आत्याच्या सासूबाई हयात आहेत ना. एकदा एक वधूपिता घुटमळत म्हणाला की धाकट्या मेव्हण्याशी आमचं जरा वाजलंय, त्याचं नाव राहू दे. आक्कांनी पेन्सिल त्याच्यापुढे धरली. "वाजलंय? मग त्याचं पयलं घाला. गोडीतली माणसं काय, नाव नसलं तरी जेवाय येत्यातच की."

त्या माणसाने मुकाट्याने नाव घातलं. मेव्हणा लग्नात पंक्तीत वाढत होता म्हणे.

पण अलीकडे लोक पत्रिका फोनवर धाडतात. प्रेसमध्ये जाडजूड हस्तिदंती कागद पडून राहिला. कडेला सोनेरी वेल, कोपऱ्यात उठावाचा कलश. मालक तो रद्दीत घालायला निघाले, तेव्हा आक्का आडव्या आल्या. कशाला पाहिजे, असं विचारलं तर म्हणाल्या, "पोरास्नी चित्रांचं पुस्तक काढतो मी." (आमच्याकडे बायकाही 'मी काढतो, मी जातो' असंच बोलतात. लांबच्या वाचकांनी दचकू नये.)

पहिल्या पुस्तकाचं नाव 'पापुद्रा कुणाला?' आई भाकरी करते, टम्म फुगलेल्या भाकरीचा वरचा पापुद्रा काढून लेकीला देते. लेक तो आज्याला देते, आजा आजीला, आजी बापाला, आणि फिरत फिरत तो चुलीपुढे बसलेल्या आईच्याच ताटात येतो. एवढीच गोष्ट. मला फार आवडली, पण कॉलेजात शिकत असल्यामुळे काहीतरी सुचवलं पाहिजे असं वाटलं. मी दबकत म्हणालो की पुस्तक घरातल्या प्रेमाविषयी आहे, मग प्रेम हा शब्द कुठेतरी यायला हवा.

आक्कांनी विचार केला. म्हणाल्या, "आमच्या घरात कुणी कुणाला असलं म्हटलेलं मी ऐकलं न्हाय. आमचा आजा 'गिळलास का रं?' म्हणायचा. ते घालू?"

ते घातलं. आजही पोरं त्या पानावर सगळ्यात जास्त हसतात.

खरी पंचाईत माणसांची झाली. आक्कांना कुणाला वगळणं जमेना. पापुद्रा घरात फिरून झाला तर त्यांना मामाकडचे आठवले, मग मावशी, मग शेजारीण, मग शेजारणीची माहेराला आलेली लेक. मालक म्हणाले, आक्का, एवढा फिरवला तर पापुद्र्याचा पापड होईल. मीही सांगून पाहिलं की लहान मुलांच्या पुस्तकात माणसं थोडी असावीत. आक्कांनी मला विचारलं, "मग बाकीच्यांस्नी कुठं ठेवू? दाराभाईर?"  शेवटच्या पानावर सगळे बसले, अगदी दाटीवाटीने.

चित्रं त्या स्वतःच काढायच्या. आयुष्यभर पत्रिकेवरचे नवरा-नवरी पाहिल्यामुळे त्यांच्या चित्रातली सगळी माणसं मान खाली घालून लाजलेली असत. आजा लाजलेला, बाप लाजलेला, गोठ्यातली म्हैससुद्धा लाजलेली. नाकं सगळ्यांची एकसारखी. ओळख पटावी म्हणून एकाला टोपी, एकीला चष्मा, एकाला मिशा.

पुस्तकाला प्रकाशक लागतो, असं मी म्हणालो. आक्कांनी 'आपले नम्र, समस्त परिवार' असं घालायला सांगितलं. मागच्या पानावर किंमत असते, म्हटल्यावर 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ आली. आणि पहिल्या पानाच्या तळाशी बोळातल्या सगळ्या चिल्ल्यापिल्ल्यांची नावं घालून 'आमच्या पुस्तकाला यायचं हं!'

मालकांच्या परवानगीने मशीन रिकामं असेल तेव्हा छपाई झाली. पिना आक्कांनीच मारल्या. पहिली प्रत बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, देवापुढे ठेवून आल्या, बाकीच्या प्रतींच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं आणि पिशवी घेऊन घरोघर निघाल्या. पोस्टाने किंवा कुणाच्या हाती पाठवायला तयार नव्हत्या. दारात जाऊन दिल्याशिवाय पत्रिका पोचली असं म्हणत नाहीत, तसंच पुस्तकाचं, असं त्यांचं म्हणणं. आता सोनेरी वेल, कलश, वर हळदकुंकू, आणि द्यायला आक्का. लोकांनी काय समजावं? टेलरने पुस्तक डोक्याला लावून मुहूर्त विचारला. पिठाच्या गिरणीवाल्याने ते कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेवलं, तारीख विसरायला नको म्हणून. एक आजोबा तर प्रेसमध्ये येऊन तक्रार करून गेले की पत्रिकेत कार्यालयाचा पत्ताच नाही.

एक प्रत मी गावी नेली. रविवारी आमच्या विहारात पोरं जमतात, त्यांना वाचून दाखवली. 'गिळलास का रं' इतक्यांदा म्हणायला लावलं की माझा घसा बसला. घरी आईच्या हातात दिली. आईला बचत गटापुरती सही येते. ती चित्रावर बोट ठेवत ठेवत गेली, ही मी, हा तुझा बाप, ही तुझी आज्जी. शेवटच्या दाटीवाटीच्या पानावर तिचं बोट बराच वेळ फिरलं. मग तिने विचारलं, "आणि हे सगळं काढणारी बाई कुठं हाय ह्यात?"

ती ह्यात नाही, म्हणालो. आई म्हणाली, "सांग तिला. भाकरी करणारणीचंच ताट मांडायचं राह्यलंय."

सोमवारी मी आक्कांना ते सांगितलं. त्या हसल्या. कानावरची पेन्सिल काढली, बघितली, परत कानावर ठेवली. दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम आहे, त्यामुळे त्या लवकर निघतात, पण त्या दिवशी फारच लवकर गेल्या. मला वाटलं, माझं काही चुकलं. तेव्हा मालकांनी मला सगळं सांगितलं.

आक्कांचं माहेर कोडोलीचं. लग्न केलं नाही. शहरात प्रेसला लागल्या आणि इथल्याच झाल्या. कोडोलीत धाकटा भाऊ, त्याचा ऊस, त्याच्या म्हशी. भावाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका अर्थातच आक्कांनी केली. सगळ्यात भारी कागद काढला. दोन्हीकडच्या सगळ्या नातलगांची नावं घातली, व्याह्यांच्या चुलतभावाची मेव्हणीसुद्धा सोडली नाही. भावाला प्रूफ पाठवलं. भावाने घरी बसून वाचलं आणि ठीक आहे म्हणून कळवलं. पत्रिका गावभर गेल्या. मग हळदीला बायका भावाला विचारायला लागल्या की सख्खी आत्या पत्रिकेत का नाही.

आक्का स्वतःचं नाव घालायला विसरल्या होत्या.

भाऊ तसाच गाडी काढून प्रेसमध्ये आला. बिनलग्नाची बहीण टाकली असं लोक म्हणतात, तू मुद्दाम माझी मान खाली घातलीस, असं तो सगळ्यांदेखत बोलला. आक्का खालच्या आवाजात एवढंच म्हणाल्या, "मी माझं इसरलो. तुला वाचताना दिसलं का पर?"

आपलं चुकलं हे कळलं की आमच्याकडचा माणूस आवाज वाढवतो. तोही वाढवून गेला. आक्कांनी लग्नात जाऊन अक्षता टाकल्या आणि न जेवता परत आल्या. तेव्हापासून दोघांचं बोलणं नाही. मालक म्हणाले, त्या भाच्चीला आता शाळेत जाणारी मुलगी आहे, बघा.

मला कळेना की ह्यात मोठं दुःख कशाचं. त्या स्वतःला विसरल्या ह्याचं, की त्यांच्या भावाला त्यांचं नसणं दिसलं नाही ह्याचं?

पावसाळ्यात आक्कांनी दुसरं पुस्तक काढायला घेतलं. नाव 'थांबा, एक जण राहिलंय'. एका घरात सगळ्यांचा फोटो काढायला फोटोवाला येतो. सगळे अंगणात उभे राहतात. फोटोवाला कॅमेऱ्याला डोळा लावतो, तेवढ्यात कुणीतरी ओरडतं, थांबा, एक जण राहिलंय. कधी आजी, कधी झोपलेलं बाळ, कधी कुत्रं. म्हैस आणायला जातो तो स्वतःच तिकडे रमतो, मग त्याला आणायला दुसरा जातो. असं करत शेवटच्या पानावर सगळे एकदाचे जमतात.

ह्या वेळी घर कुणाचं हे लपवलेलं नव्हतं. मिशावाला भाऊ, वहिनी, भाचरं, नात, वारलेल्या अव्वा, म्हणजे आक्कांच्या आई, सुद्धा हातात जपमाळ घेऊन ओसरीवर. म्हैस नेहमीसारखी लाजलेली. मी शेवटचं पान जुळवलं आणि आक्कांच्याच सवयीने पेन्सिल घेऊन एकेकावरून फिरवली. आईची आठवण झाली. म्हणालो, आक्का, तुम्ही राहिलात. ह्यात आत्या नाही.

त्या पिना मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हाईत हाय. छाप."

मी पुन्हा म्हणालो, कोपऱ्यात जागा आहे, अजून वेळ गेलेली नाही.

"राहू दे पावणं," त्या म्हणाल्या. "बघू ह्या खेपेला कुणाला दिसतंय."

माझा हात माऊसवर तसाच राहिला.  आणि नाहीच दिसलं तर, असं मी विचारलं. आक्कांनी पिनांची डबी बंद केली. म्हणाल्या, "न्हाय तर न्हाय. म्हस तर आवडंल त्येला."

छापून झालं, हळदकुंकू लागलं. बोळातली सगळी घरं त्यांनी नेहमीप्रमाणे पायी केली. कोडोलीची प्रत मात्र टेबलावर पडून राहिली. त्या स्वतः जाऊ शकत नव्हत्या, पोस्टाने धाडणार नव्हत्या. शेवटी मला म्हणाल्या, पावणं, तुम्ही आमच्याकडचं माणूस म्हणून जा. दोन्ही हातांनी द्यायचं, सहकुटुंब सहपरिवार वाचावं म्हणायचं, आणि पाणी प्याल्याशिवाय उठायचं नाही. मी ती वाक्यं एसटीत पाठ करत गेलो.

भाऊ दारातच भेटले. मिशा चित्रातल्यापेक्षा पुष्कळ मोठ्या, पण पांढऱ्या. मी आक्कांच्या प्रेसमधून आलोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा मिटल्यासारखा झाला. तरी मला हाताला धरून बसवलं. सूर्य बघितला आणि आत आवाज दिला, "दिवस मावळायला आलाय, पावण्यांचं ताट करा आधी." ते ऐकून मला इतकं हसू आलं की मी पाणी पिण्याचं निमित्त केलं. पुस्तक त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. उघडलं नाही. टीव्हीवर ठेवलं आणि मला भाकरी वाढायला स्वतः बसले.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी पुस्तकाचं नाव काढलं नाही. जेवायला घातलं का, विचारलं. घातलं, म्हणालो. दिवस मावळायच्या आत ना? आतच. भाजी कसली होती? वांग्याची. तिखट? खूप. आक्का खूश झाल्या, जणू मी काही मोठं काम करून आलो होतो. भावाने पुस्तक टीव्हीवर ठेवल्याचं मी सांगितलं. "टीव्हीवर?" त्या म्हणाल्या. "मग धूळ तरी पुसत्यात."

मग दिवाळीची सुट्टी लागली आणि मी गावी गेलो. आमच्याकडे तेव्हा भाताची सुगी असते. दिवसभर कापणी, मळणी, आणि फोनला रेंज म्हणाल तर धरणाच्या बाजूच्या टेकावर चढलं तरच. पाडवा झाला, भाऊबीज झाली. भाऊबीजेच्या दिवशी मी विळा टाकून मुद्दाम टेकावर चढलो आणि मालकांना फोन लावला. ते म्हणाले, कोण आलं नाही, गेलं नाही. आक्का आज सुट्टी असून प्रेसमध्ये येऊन बसल्या होत्या आणि छपाईचे जुने ब्लॉक पुसत होत्या. खाली उतरताना मला त्या भावाचा फार राग आला. एवढी म्हैस काढली, एवढ्या मिशा काढल्या, आणि माणसाला एक पुस्तक उघडवत नाही.

पुढे मळणीत मान वर करायला सवड नव्हती. पेंढ्याची गंजी रचून झाली त्या दिवशी टेकावर गेलो, तर फोन थरथरायलाच लागला. मालकांचे आवाजी निरोप, एकामागून एक. कितीतरी दिवसांचे साठलेले. एका दगडावर बसून मी ते क्रमाने ऐकले.

भाऊ आला होता. भाऊबीज होऊन गेल्यावर, एका सकाळी, उसाच्या फडातल्याच कपड्यांत. नातीने दिवाळीच्या सुट्टीत टीव्हीवरचं पुस्तक काढून आज्याकडून वाचून घेतलं होतं म्हणे. त्याने चपलांसकट आत येऊन पुस्तक काउंटरवर आपटलं आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून ओरडला. मालकांनी ते शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले होते, "म्हस हाय, कुत्रं हाय, मेलेली अव्वा हाय. आणि तू कुठं हायस?"

 आक्कांनी मान वर केली आणि विचारलं, "दिसलं व्हय तुला?"

मालक म्हणत होते, एवढा मोठा मिशावाला माणूस, बघता बघता चित्रातल्यासारखी मान खाली घालून उभा राहिला. मग कटिंगच्या टेबलावरचा कागदाचा गठ्ठा त्याने काखेत मारला, आक्कांची डब्याची पिशवी उचलली आणि म्हणाला, "चल. घरात बसून काढ तुझं चित्र. ते बघितल्याबिगर मी सोडत न्हाय." चहा यायच्या आत दोघं गेलीसुद्धा.

त्याखाली कोडोलीहून आलेला एक फोटो मालकांनी मला पुढे पाठवला होता. हस्तिदंती कागद, सोनेरी वेल. तेच अंगण, तीच माणसं, तीच लाजलेली म्हैस. मधोमध कानावर पेन्सिल लावलेली एक बाई, आणि तिच्या मनगटाला धरून तिला ओढत आणणारा भाऊ. त्याच्या मिशा ह्या खेपेला पार कानापर्यंत गेलेल्या. मालकांनी लिहिलं होतं की मिशांचं माप भावाने स्वतः उभं राहून घ्यायला लावलं. आणि आक्का ऊस कारखान्याला जाईपर्यंत तरी येत नाहीत, पुढची छपाई पावण्यांनी करायची आहे.

शेवटचा निरोप मी टेकावर गेलो त्याच दिवशी दुपारचा होता, अगदी छोटा. मालक म्हणत होते, सवयीने आक्कांना धरूनच चहा मागवला होता. आज एक कप उरला.